पाण्यावरचा बंब

प्रश्न : बाजूला चाकं असलेल्या जुन्या आगबोटींच्या काळात बंदरात आग लागली तर विझवायचे कसे? पाणी तर खालीच असणार ना? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : असणार हो, पण वर खेचणार कोण! लंडनला थेम्सवर तरंगते बंब होते, आधी पंपही माणसंच हाताने मारायची, मग वाफ आली. तरी 1861 ला टूली स्ट्रीटची गोदामं पेटली तेव्हा ओहोटी, नदीचं पाणी ओढणंच अवघड, आणि फायर ब्रिगेडचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत अंगावर पडून गेला.

वाफेची गंमत अशी की बोट चालवणारा बॉयलरच पंपही चालवू शकतो. चाकाच्या टगबोटींवरही (मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी) पंप बसवले होते, पण ती चाकं दोन्हीकडे फुगलेली, जळत्या जहाजाला खेटून उभं राहायचं तर मागे पंखा असलेली बोटच बरी. बॉस्टनने 1873 ला, न्यूयॉर्कने 1875 ला खास फायरबोट घेतली.

चाकाच्या बोटीलाच आग लागली तर? 1904 ला न्यूयॉर्कला जनरल स्लोकम नावाची चाकाची बोट पेटली, आग विझवायचे होज-पाइप इतके कुजलेले (सोसायटीच्या जिन्यातलं लाल रीळ आठवलं ना?) की पाणी सोडताच फुटले, हजारावर माणसं गेली.