"सगळं बुडणारच आहे, तर शिकून काय करू?"

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की समोरच्या मुलाने वाक्य सुरू केलं की पुढचं कळतं. कुणी म्हणतो, "मॅडम, पीएचडीत पाच वर्षं कशाला घालवू?" कुणी म्हणते, "लग्न करीन, पण मूल नको. त्याला कुठल्या उन्हात वाढवू?" आईवडिलांचा सूर वेगळा असतो: "विद्यापीठात हवामानबदलाच्या चर्चांना जायला लागली आणि घरात बोलेनाशी झाली." या सगळ्यांसाठी एका मुलीची हकीकत, तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. दर शुक्रवारी काही विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक जमायचे आणि हवामानबदलाचे समाजावर होणारे परिणाम हा विषय घ्यायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरडी, २०२२ मध्ये जाहीर झालेला मुंबईचा वातावरण कृती आराखडा, असं बरंच काही. सुरुवातीला ती हिरिरीने बोलायची. मग गप्प झाली, मग झोप उडाली. माझ्याकडे आली तेव्हा लघुप्रबंधाचं एक पानही लिहून झालं नव्हतं.

पहिल्या काही भेटींत तिने मला आकडेच सांगितले. मी ते खोडायला गेले नाही, कारण ते खोटे नव्हते. इथे पुष्कळ पालक चुकतात, आणि काही समुपदेशकही. "इतकं काही होत नाही गं" म्हटलं की त्या क्षणापासून मूल तुम्हाला काही सांगायचं थांबतं.

मला खटकत होतं ते वेगळंच. तिच्या बोलण्यात मालदीव येत होतं, सुंदरबन येत होतं, तिचं घर कुठेच येत नव्हतं.

"तू राहतेस कुठे?"

"कोळीवाड्यात."

"घरी कोण कोण?"

"बाबा बोटीवर जातात. आई मासळी विकते." ती थांबली. "मॅडम, एकदा फळ्यावर लिहिलं होतं, सर्वांत जास्त झळ बसणारे समूह. त्याखाली पहिलंच नाव मच्छीमारांचं. सगळे माना डोलवत होते, फार कळकळीने बोलत होते. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. कुणाला माहीत नव्हतं. मीही हात वर केला नाही."

"मग?"

"मग घरी गेले. आई बोंबील सुकत घालत होती. तिला कसं सांगू, की हे संपत चाललंय?"

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. माणसाला छळते ती नुसती घटना नसते, तिच्याभोवती आपण धरून बसलेला एक 'च' असतो, 'असंच झालं पाहिजे'मधला, यावर माझा तेवीस वर्षांच्या कामानंतरही विश्वास आहे. वाढत्या उष्म्याची काळजी वाटणं हे शहाणपणाचं लक्षण आहे, ती काळजी मला घालवायची नव्हती. मी तिचा 'च' शोधत होते आणि तो आता माझ्यासमोर होता: आईला हे कळताच कामा नये, मी एकटीनेच पेललं पाहिजे.

मी विचारलं, "आईला हे माहीत नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

"ती चौथी शिकली आहे, मॅडम."

मी काही बोलले नाही. या धंद्यात बोलायला शिकायला मला दोन वर्षं लागली, गप्प बसायला दहा. खोलीत पंख्याचा आवाज होता. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं आणि तिचे डोळे भरून आले. ज्या बाईने तीस वर्षं त्याच समुद्राचं म्हावरं विकलं, तिला समुद्र कळत नाही असं ती एका आकडेवारीच्या जोरावर धरून चालली होती.

"सांगू नकोस तिला काही," मी म्हटलं. "फक्त विचार. दर्या बदललाय का?"

पुढच्या भेटीत ती बसण्याआधीच बोलायला लागली. आई आधी हसली होती म्हणे, मग रात्री एकपर्यंत बोलत राहिली. तिचे शब्द कोळी बोलीतले, मी माझ्या भाषेत लिहिते. पापलेट आता तळहाताएवढंही मिळत नाही. लहान आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी टाकून पिल्लंच उचलली, हेही त्याचं कारण, दोष एकट्या उन्हाचा नाही. ऐन सुकवणीत अवेळी पाऊस येतो आणि बोंबील कुजतात. आणि २०१९ चं साल. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, त्यातली 'क्यार' आणि 'महा' तर पाठोपाठ. बोटी रिकाम्या परतत होत्या.

"आणि मग आई म्हणाली, त्याच साली मी तुझ्या बापाशी भांडून ठरवलं, पोरीचं शिक्षण थांबवायचं नाही. दर्याचा भरवसा राहिला नाही म्हणून. तुला सांगितलं नाही, तू घाबरशील."

शिकून काय करू, या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षं तिच्याच घरात होतं. दोघी एकाच चटईवर झोपत होत्या आणि एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या, दोघीही मायेपोटी. त्या संध्याकाळी मी दादरहून घरी चालत गेले. एक साधा प्रश्न योग्य वेळी विचारला गेला, याचं समाधान मला आजही आहे.

२०२१ मध्ये 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये दहा देशांतल्या, भारतातल्याही, १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी आली. ५९ टक्क्यांना हवामानबदलाची खूप किंवा अतोनात काळजी वाटत होती, हे सगळीकडे छापून आलं. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला दुसरा भाग. जे इतरांशी याबद्दल बोलले, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ऐकून घेणारं कुणी भेटलं नाही किंवा उडवून लावलं गेलं. काळजी त्या एकटेपणात सडते.

म्हणून पालकहो, तापमानाच्या आकड्याशी वाद घालू नका. "तुला नेमकं कुणाबद्दल वाटतं?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा त्या आकड्यामागे एखादा चेहरा निघतो: गावाकडचे आजोबा, आंब्याची बाग, तळमजल्यावरचं घर. आणि तुम्हाला स्वतःला जी भीती वाटते तीही सांगा. मुलं त्याने मोडत नाहीत. चर्चा घडवणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: फळ्यावर एखाद्या समूहाचं नाव लिहिण्याआधी तो समूह समोरच्या बाकावर बसला आहे असं समजा. तासाच्या शेवटची दहा मिनिटं, पुढच्या शुक्रवारपर्यंत कोण काय करणार, यासाठी ठेवा. नुसती भीती घेऊन मुलांना लोकलमध्ये बसवू नका.

मात्र दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलं आहे, जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलतं आहे, तर हवामानाची चर्चा बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कधीही लावता येतो.

ती शेवटची आली ती जूनमध्ये, पावसाळी मासेमारीबंदी लागल्यावर. आईला सवड होती. पिशवीतून तिने एक शंभरपानी वही काढून दाखवली. कुठल्या साली बोंबील कधी आला, वारा कधी फिरला, उधाण होतं की भांग, म्हणजे कमी भरतीचे दिवस. आई तिथी सांगते, लेक पंचांग उघडून शेजारी तारीख लिहिते. चौदा पानं झाली होती.