पहाटे डिझेल पिकअप उठत नाही? आधी धूर बघा

निफाडच्या थंडीत पहाटे चार-पाच सेल्फ, भरपूर पांढरा धूर, दुपारी मात्र एका सेल्फला चालू, आणि बॅटरी नवीन टाकूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेट घेत नाही. तेव्हा पंप-नोझल इतक्यात खोलू देऊ नका, आधी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर आतून तापवणारे प्लग, बघा.

डॅशबोर्डवर कॉइलचा दिवा लागतो म्हणून प्लग तापतात असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो नुसता टायमरवर चालतो. इंजिन थंड असताना प्लगना जोडणारी पट्टी काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिनची बॉडी असं मोजा. साधारण अर्धा ते दोन ओहम आला तर प्लग शाबूत, मीटर हललाच नाही तर जळाला. चारपैकी एक-दोन गेलेले असले की गाडी उठते, पण पहिला मिनिटभर थडथडते. चारही बरे निघाले, तर पट्टी परत बसवा, चावी ऑन करा आणि लगेच पट्टीवरचा व्होल्टेज बघा. बॅटरीच्या जवळपास नसेल तर दोष रिले किंवा फ्यूजचा.

प्लग काढताना घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि इंजिन कोमट असताना पाना लावा. जोर लावून प्लग हेडमध्ये तुटला, तर हेड उतरवण्याचा खर्च बसतो. नवा प्लग त्याच व्होल्टेजचा घ्या. काही प्लग 12 व्होल्टचे नसतात. ते बॅटरीला थेट लावून तपासले की तिथेच जळतात.

नव्या बॅटरीवरही सेल्फ मंद फिरत असेल, तर सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह ते इंजिन बॉडी मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा.

धूर अजिबात नसता, तर गोष्ट वेगळी: रात्रीत लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा हातपंप सकाळी मऊ लागतो आणि कडक होईपर्यंत दाबला की गाडी लगेच उठते. मग फिल्टरची सील आणि पाइपचे क्लिप बघायचे.

डिझेल गोठण्याची काळजी लडाखची. तिथे इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं.

आणि हो, कुणी स्टार्टिंग स्प्रे सुचवला तर हीटर प्लग असलेल्या इंजिनात मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो.