पोरगं माळ्यावर का जात नाही?

प्रश्न : हुपरीत आमचा चांदीचा व्यवसाय आहे. मुलगा बारावी सायन्सला, वय १७. 'बॅक टू द फ्युचर' या हॉलिवूडच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात पेप्सीची एक वेगळ्या आकाराची बाटली आहे, ती त्याने थ्रीडी प्रिंटरवर हुबेहूब बनवली. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला तर साडेतीन हजाराला एक अशा आठ बाटल्या गेल्या. मी लगेच एक लाख ऐंशी हजाराचं कर्ज काढून मोठा प्रिंटर आणून माळ्यावर बसवला, 'मर्यादित आवृत्ती, फक्त १०० नग' अशी नंबर घातलेली सर्टिफिकेटं छापली, २३ जणांकडून ॲडव्हान्स घेतला. सिनेमातल्या इतर वस्तूही काढायच्या आहेत. अशा वस्तू खोट्याच असतात, त्यांना कुणी मालक नसतो, त्यामुळे स्पर्धाही कमी. पण दिवाळीपासून मुलगा माळ्यावर जातच नाही, काम पडून आहे. त्याने इंजिनिअरिंगची सीईटी द्यावी, बीबीए करावं, की बारावी बाहेरून देऊन धंद्यातच लक्ष घालावं? त्याला जरा समजावून सांगा.
– एक पालक, हुपरी

उत्तर : नमस्कार. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतले बहुतेक वडील 'ही खेळणी बंद कर आणि अभ्यासाला बस' म्हणणारे असतात. तुम्ही त्यातले नाही, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं. मग 'मुलगा माळ्यावर जातच नाही' हे वाक्य आलं. तुम्ही ते लिहून लगेच सीईटीकडे वळलात. मी तिथेच अडकले.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात कर्जाची रक्कम आहे, भाव आहे, गिऱ्हाइकांची संख्या आहे. मुलगा काय म्हणाला, हे एकदाही नाही. एवढा मोठा प्रिंटर घरात आला तेव्हा त्याला विचारलं होतंत का?

मला दिसतं ते असं. पडद्यावर दोन-चार क्षण दिसणारी वस्तू आपल्या हातात आली तर कशी लागेल, या ओढीने त्याने पहिली बाटली केली. चित्र थांबवून थांबवून तिची वळणं मोजली असतील, प्रिंटच्या रेघा जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासली असेल. दुसरीत पहिलीतली चूक सुधारली असेल. नवव्या बाटलीत सुधारायला काय उरलं? आणि तुमच्या हिशोबाने अजून ब्याण्णव बाकी, तीही बारावीच्या वर्षात, २३ जणांचे पैसे आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन. पैंजणाचा नवा नमुना काढणारा कारागीर वेगळा आणि तोच नमुना शेकड्याने उतरवणारा वेगळा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पोराला पहिल्या कामाची हौस होती, तुम्ही त्याला दुसऱ्यावर बसवलंत. मजुरी ठरवल्याचंही पत्रात कुठे दिसत नाही. तो आळशी झालेला नाही, त्याने गुपचूप काम सोडलंय. या वयाच्या मुलाला वडिलांना 'नको' म्हणायचा बहुधा एवढाच मार्ग असतो.

आता ते 'मालक नसतो' प्रकरण, कारण हा गैरसमज तुम्हाला महागात पडेल. ही बाटली १९८९च्या सिनेमात '२०१५ साली अशी पेप्सी मिळेल' म्हणून दाखवली होती. २०१५ उजाडल्यावर पेप्सीने स्वतःच ती बाजारात आणली. ६,५०० बाटल्या, किंमत २० डॉलर १५ सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेराशे रुपये. मालक जिवंत आहे, आणि नावासकट बाटली तुम्ही विकताय. बरं, खऱ्या कंपनीचं नाव नसतं तरी सुटका नव्हती. 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेतली डफ नावाची बिअर पूर्णपणे काल्पनिक. ऑस्ट्रेलियातल्या दारूच्या कंपन्यांनी त्या नावाची खरी बिअर काढली. डब्यावर मालिकेतलं एकही पात्र छापलं नव्हतं, फक्त नाव घेतलं होतं. तरी १९९६ साली तिथल्या फेडरल कोर्टात त्या हरल्या, कारण लोक ती बिअर मालिकेचीच समजून घेणार, याच भरवशावर ती काढली होती. आपल्याकडेही ट्रेडमार्कचा १९९९चा आणि कॉपीराइटचा १९५७चा कायदा आहे, आणि कॉपीराइटच्या भंगाला कैदेचीही तरतूद आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या पेढीचा शिक्का आपल्या मालावर मारून तुम्ही तो विकाल का? हुपरीत त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. आणि तुमच्या सर्टिफिकेटांनी तर 'शंभर नग विकायचा बेत होता' हे लेखीच दिलंय.

रीतसर मार्ग नाही असं नाही. अमेरिकेत एकाने 'इडिओक्रसी' सिनेमातलं ब्रॉन्डो हे काल्पनिक पेय स्टुडिओकडून परवाना घेऊन विकलं. आधी परवाना, मग माल. पण ते वकील, करार आणि रॉयल्टीचं काम आहे, बारावीतल्या मुलाचं नव्हे.

मुलाला मात्र मला 'बॅक टू द फ्युचर'च्या त्याच भागातल्या बुटांबद्दल सांगायचंय. पाय घातला की नाडी आपोआप आवळणारे ते नायकीचे बूट. चित्रीकरणात सेटच्या खाली बसून माणसं ती नाडी ओढत होती. २०११ मध्ये कंपनीने तसे १,५०० जोड काढून लिलावात विकले. दिवे लागत होते, पण नाडी हातानेच बांधायची. लिलावाचा पैसा नायक मायकेल जे. फॉक्स यांच्या पार्किन्सन संशोधनाच्या संस्थेला गेला. खरोखर आपोआप आवळणारे बूट आले २०१६ मध्ये. जोड फक्त ८९, बहुतेक दहा डॉलरचं तिकीट काढून सोडतीने. पडद्यावरून पायात यायला २७ वर्षं लागली, कारण मोटर आणि बॅटरी तळव्यात बसवून वर माणसाला चालता आलं पाहिजे. 'फक्त ८९ जोड' हा आकडा छापायला मात्र एक दिवस पुरला असेल. (२०११चे १,५०० 'अपुरे' जोडही लोकांनी बोली लावून नेले, हा भाग मला अजून गमतीचा वाटतो.)

त्याला एवढंच विचारा, की बाटलीत तुला काय आवडलं? आकार आवडला असेल तर प्रॉडक्ट डिझाइन. बुटातली मोटर ऐकून डोळे चमकले तर इंजिनिअरिंगची सीईटी त्याच्या कामाची. लेबल आणि खोकं करताना रमला असेल तर मुंबईच्या जे.जे.मधली उपयोजित कला. डिझाइनसाठी आयआयटी मुंबईची यूसीड ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा, दोन्हीला बारावीची कुठलीही शाखा चालते. पण बारावी लागते, तेव्हा ती बाजूला टाकून धंद्यात लक्ष घालण्याचा विषय बंद करा. बीबीए या पत्रात तुमच्या सोयीसाठी आलंय, त्याच्या नव्हे. हो, आणि यापुढे तो जे बनवेल ते त्याच्या डोक्यातलं असू द्या. डिझाइनच्या प्रवेशात मुलाची स्वतःची कल्पना पाहतात, हुबेहूब नक्कल कुणाला नको असते.

या आठवड्यात २३ जणांचे ॲडव्हान्स परत करा, विक्रीच्या पोस्ट काढा, सर्टिफिकेटं फाडा. प्रिंटर ठेवायचा की विकायचा, हे परीक्षेनंतर त्याला ठरवू द्या. तोवर हप्ता तुम्ही भरा आणि जेवताना त्याचा विषय काढू नका. पुढचं पत्र त्याने लिहिलं तर मला आवडेल. तुम्ही ते आधी वाचायचं नाही.