नागपुरात ‘उलथापालथीच्या आधीचा काळ’ बोलीत कसा सांगतात?

सगळ्यात नागपुरी शब्द म्हणजे ‘सीपी अँड बेरार’ (सेंट्रल प्रोव्हिन्सेस अँड बेरार, इंग्रजांच्या काळातला नागपूर राजधानी असलेला प्रांत). मोडकळीला आलेला वाडा, जाडजूड लोखंडी कपाट, हट्टी म्हातारा, काहीही असो: ‘हे सीपी अँड बेरारच्या जमान्यातलं आहे’ म्हटलं की झालं. संवाद लिहिताना ‘जमाना’च ठेवा, ‘कालखंड’ लिहिलात तर बोलणारा एकदम प्राध्यापक वाटतो. तसंच ‘लॉकडाऊनपूर्वी’ नको. इथे ‘लॉकडाऊनच्या पहिले’ म्हणतात.

चूक होते ती तारखांत. सीपी अँड बेरार हे नाव 1950 मध्ये गेलं, प्रांताचं मध्य प्रदेश झालं, पण राजधानी नागपूरच राहिली. ती गेली 1 नोव्हेंबर 1956 ला, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा. म्हणून 1954 सालचा प्रसंग असेल तर ‘राजधानी होती तेव्हा’ हे जास्त नेमकं. (बोलताना दोन्हींची सरमिसळ सर्रास होते, पात्राच्या तोंडी चालून जाईल.) आणि बेरार म्हणजे वऱ्हाड, अमरावती-अकोल्याकडचा भाग, नागपूर त्यात नाही.

‘दीक्षेच्या आधी’ म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 च्या आधी, बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधी. ही मात्र टवाळीची भाषा नाही, ‘जुनाट’ या अर्थाने वापरू नका.

‘भोसल्यांच्या काळी’ हे 1853 च्या, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचं राज्य संपण्याच्या मागचं. आणि ‘मोगलाई’ लिहू नका; काळ म्हणून तो शब्द मराठवाड्याचा, निजामी राज्याचा. नागपुरात त्याचा अर्थ फक्त अंदाधुंदी.