तुरुंगात घोडा नाही, खोड आहे

मंगळवेढ्याच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: "पूर्वी राजे कैद्यांना पागेत डांबत, म्हणून 'तुरंग' म्हणजे घोडा या शब्दावरून 'तुरुंग' आला, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. मीही मुलांना तेच सांगते. हे बरोबर आहे का? आणि तुरुंग, कारागृह, जेल, कोठडी यांत फरक काय?"

ताई, पागेची गोष्ट मुलांच्या लक्षात राहील अशी आहे, पण ती खरी नाही. 'तुरंग' म्हणजे वेगाने जाणारा, म्हणून घोडा. तो शब्द संस्कृत. 'तुरुंग' आला पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे चावी, पगार, इस्त्री, साबण हे शब्द ज्या गलबतांतून उतरले त्यांतूनच. मूळ शब्द 'त्रोंको'. शेवटचा ओ बोलताना जवळजवळ उ होतो, म्हणून आपल्या कानाला तो 'त्रोंकु' असा ऐकू येतो. त्र फुटून 'तुरु' झाला, अनुस्वारापुढच्या क चा ग झाला आणि शेवटचा स्वर गळाला. पुरावा हवा असेल तर मल्याळम बघा. तिथे तुरुंगाला 'तुरुंक' म्हणतात. इंडोनेशियाच्या भाषेत 'तरुंगकू' आहे. पोर्तुगीजांनी जिथे ठाणी घातली, अशा बऱ्याच किनाऱ्यांवर हा शब्द सापडतो. संस्कृतातला घोडा असता तर तो दिल्ली-काशीकडेही दिसला असता. हिंदीला मात्र 'तुरुंग' ठाऊकच नाही.

आता खरी गंमत. 'त्रोंको'चा मूळ अर्थ इमारत नाही, झाडाचं खोड. ओंडका उभा चिरायचा, दोन फळ्यांत अर्धी-अर्धी भोकं पाडायची, कैद्याचे पाय त्यात ठेवून वरची फळी बसवायची आणि खुंटी ठोकायची. त्या लाकडाला पोर्तुगीज 'त्रोंको' म्हणत. पुढे ते लाकूड ज्या जागेत असे त्या जागेलाही तेच नाव पडलं. आणि आपण मराठीत त्या लाकडाला काय म्हणतो? खोडा. खोडापासून खोडा! एकमेकांना न विचारता दोन्ही भाषांनी एकच वस्तू पाहून तिला एकाच तऱ्हेचं नाव दिलं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा शब्दकोश मिटून मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

खोडा आता फक्त 'कामात खोडा घातला' एवढ्यापुरता उरला आहे. पण माझ्या आजोळी, बार्शीकडे, एक गाय फार पळायची. तिच्या गळ्यात मामांनी बाभळीचं लोढणं अडकवलं होतं. चालताना ते तिच्या पुढच्या पायांवर आपटायचं. दोन दिवसांत गुडघ्याखालचे केस गेले, आठवड्यात कातडी लाल झाली. तिला कोणी बांधलं नव्हतं, दावंसुद्धा नव्हतं. तरी ती गोठ्याच्या तोंडाशी यायची आणि थांबायची. खोडा हा शब्द आला की मला ते लाल गुडघे आठवतात.

याच अंगाने बाकीचे शब्दही पाहा. 'कैद' अरबी, आणि तिकडे तिचा पहिला अर्थ बंधन, बेडी. 'बंदी' हा बांधण्यातून आलेला. 'जेल' इंग्रजीतून आला, पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधला लहानसा पिंजरा आहे. 'नजरकैद' तर मला या सगळ्यांत अचाट वाटतो: बेडी लोखंडाची नाही, डोळ्यांची. सोलापुरात आमच्या शेजारी कन्नड 'सेरेमने' म्हणतात आणि पलीकडच्या गल्लीत तेलुगू 'चेरसाल'. सेरे काय, चेर काय, दोन्हींचा अर्थ अडकवणं, आणि पुढे घर किंवा शाळा जोडलेली. थोडक्यात, आपण ज्यांना इमारतींची नावं समजतो त्यांतली बरीचशी माणसाच्या अंगाला लावायच्या वस्तूंची किंवा त्याला जखडण्याच्या क्रियेची नावं आहेत. भिंती मागाहून आल्या.

गोव्यातला एक दाखला सांगायलाच हवा. तिथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणाऱ्या इन्क्विझिशनचा, अंमल होता. त्याच्या वाड्यातच कोठड्या होत्या. बाहेरचे लोक त्या वाड्याचं नाव घेत नसत. 'ओर्लें घर', म्हणजे थोरलं घर, एवढंच म्हणत. भीती फार असली की भाषा नाव टाळते. आपण नाही का रात्री सापाला 'लांबडं' म्हणत?

फरकाचं विचारलंत, ते थोडक्यात. 'कारागृह' सरकारी पाटीवर: येरवडा मध्यवर्ती कारागृह. 'तुरुंग' वर्तमानपत्रात आणि 'तुरुंगवास'सारख्या समासांत. 'जेल' तोंडात. 'बंदिशाळा' कीर्तनात, कृष्णजन्माला. 'कोठडी' मात्र नीट वापरा. पोलीस कोठडी म्हणजे चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी झाली की माणूस तुरुंगात जातो, पण तो कच्चा कैदी असतो. त्याला शिक्षा झालेली नसते. 'कोठडी सुनावली' वाचून लोक गुन्हा शाबीत झाला असं समजतात. मुलांना पागेऐवजी हे सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

'जन्मठेप'चाही असाच घोळ आहे. चौदा वर्षांत सुटका, असं गल्लीतलं पोर सांगतं. कायद्याने जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफी मिळाली तर ती शासन देतं, आपोआप मिळत नाही. इंग्रजांच्या काळात मात्र हा शब्द वेगळ्या शिक्षेसाठी होता: समुद्रापार पाठवणी. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, त्यांची बेरीज ५० वर्षं धरली गेली. १९५६ पासून कायद्यातून ही पाठवणी गेली आणि तिच्या जागी जन्मभराचा कारावास आला. मराठीने शब्द तोच ठेवला, फक्त त्यातला समुद्र आटला.

तो समुद्र म्हणजे काळं पाणी. पाणी काळं नव्हतं. समुद्र ओलांडला की जात जाते, घर परत घेत नाही, ही भीती काळी होती, आणि सरकारने तीच शिक्षेत मिसळली. १८५७ नंतर, १८५८ च्या मार्चपासून, अंदमानात कैदी उतरवायला सुरुवात झाली. सेल्युलर जेल बरंच नंतरचं, १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं. मधल्या मनोऱ्यापासून फाकलेल्या सात तीनमजली इमारती, आणि एकेकट्या माणसासाठी जवळजवळ सातशे खोल्या. प्रत्येक खोलीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोर दुसऱ्या कैद्याचं तोंड कधी दिसायचं नाही. 'सेल' म्हणजे खोली, म्हणून सेल्युलर. इथे खोड्याची गरजच उरली नाही. खोलीच खोडा झाली.

आणि कोलू. आपल्याकडे घाणा. 'घाण्याला जुंपणं' आपण ऑफिसच्या कामालाही सहज म्हणतो. मीही म्हणायचो. आमच्या भागात एक लाकडी घाणा आहे. तिथे करडईचं तेल काढून घ्यायला मी जातो. परवा मोटर बंद पडली, तर मालकांनी लाट, म्हणजे घाण्याचं फिरतं लाकूड, हाताने फिरवून दाखवली. मी दोन फेरे मारले. तिसऱ्याला खांदा भरून आला आणि खालच्या डब्यात तेलाचे चार थेंबही पडले नव्हते. अंदमानात कोलूला जुंपलेल्या माणसाला दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं असे, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. कमी भरलं तर शिक्षा. घरी आलो तो 'घाणा' हा शब्द जड होऊन आलो. ऑफिससाठी तो आता माझ्या तोंडून निघत नाही.

सोलापूरकराला तुरुंग म्हटलं की येरवडा आठवतं, आणि त्याचं कारण सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ती हकीकत इथे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी पुढे जातो. मला बोलायचं आहे ते याच गावातल्या एका शब्दाबद्दल, ज्याच्याकडे कोणी शब्द म्हणून पाहत नाही: सेटलमेंट.

रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, तो सोडतो. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता टपालावर लिहिला जातो. आपल्याला तो वस्तीच्या नावासारखा वाटतो. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागला आणि पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींच्या लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, दिवसा गिरणीत राबायचं, परत कुंपणात यायचं. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. पाळण्यातलं मूलही आत. वर्तन चांगलं दिसलं तर तारेबाहेरच्या वस्तीत राहायला मिळे. ती 'फ्री' कॉलनी. अंदमानलाही इंग्रज कागदोपत्री सेटलमेंटच म्हणत. वसवणं, स्थिरावणं, असा त्या शब्दाचा साधा अर्थ. इतक्या क्रूर गोष्टीवर इतका सोज्वळ शब्द बसवलेला मी दुसरा पाहिला नाही.

देशाला स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं. या लोकांवरचा तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ते 'विमुक्त'. शब्द नीट वाचला तर त्यात कुंपण दिसतं: मुक्त नव्हे, विमुक्त, सोडवलेले.

सांगोल्याच्या पलीकडे आटपाडीला औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवलं. तिथे शिक्षा झालेले कैदी, त्यांत खुनाचेही, बायकामुलांसह राहून शेती करतात, आणि भिंत नाही. ही वसाहत आजही चालू आहे. तिचं सरकारी नाव 'खुली वसाहत'. तिचा आणि सोलापूरच्या सेटलमेंटचा काही काळ एकच. इकडे गुन्हा न केलेली मुलं तारेत, तिकडे गुन्हा शाबीत झालेली माणसं उघड्यावर. मराठीत दोन्हींना वसाहतच म्हणावं लागतं.

आता ताई, तुम्ही न विचारलेलं एक. 'भामटा' हा शब्द आपण ठगासाठी सर्रास वापरतो. 'भामट्याने गंडवले' असे मथळे रोज येतात. महाराष्ट्रातल्या १४ विमुक्त जातींच्या सरकारी यादीत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' ही नावं आहेत, 'बेरड'ही आहे, आणि आपण निर्लज्जपणाला 'बेरडपणा' म्हणतो. कायदा गेला, तारा गेल्या, शब्द तसेच राहिले. जातीच्या दाखल्यावर 'भामटा' लिहिलेला मुलगा वर्गात बसतो आणि फळ्यावर 'भामटा – लुच्चा, ठक' असा समानार्थी शब्द लिहिला जातो. त्या तासाला तो मुलगा कुठे बघतो, ते मी एकदा पाहिलं आहे. खिडकीबाहेर. ठक, लबाड, फसव्या असे दुसरे शब्द मराठीत भरपूर आहेत. तुमच्या वर्गातल्या फळ्यावरून तरी 'भामटा' पुसून टाका, ही माझी विनंती आहे.