अवमंदन म्हणजे मंदावणं नव्हे

प्रश्न आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्याच एका ताईंचा. वाफेच्या टर्बाइनवरची पुस्तिका त्या मराठीत आणताहेत. त्यात ‘पात्यांचे अवमंदन’ वाचून त्यांच्या यजमानांनी विचारलं, “म्हणजे पाती हळू फिरायला लागतात का?” मंदन आणि अवमंदन एकच का, अशी ताईंची शंका.

एक नव्हेत. मंदन म्हणजे वेग घटणं, त्वरणाच्या उलट. अवमंदनात फिरण्याच्या वेगाला धक्काही लागत नाही. 3000 फेऱ्यांचं टर्बाइन मिनिटाला 3000 फेरेच घेतं. घटतो तो पात्याच्या थरथरीचा आवाका.

रात्री ओट्यावरून पितळी ताट पडतं. मूल उठेल म्हणून आपण धावत जाऊन ताटाच्या कडेवर तळवा ठेवतो. ताटाचा सूर खाली उतरत नाही, ताट गप्प होतं. हे अवमंदन.

टर्बाइनचं पातं प्रत्येक नोझलसमोरून, म्हणजे वाफेचा झोत सोडणाऱ्या तोंडासमोरून, जाताना वाफेचा टोला खातं. भोवतीच्या कड्यात 60 नोझल धरल्या तर सेकंदाला 50 फेरे गुणिले 60, म्हणजे 3000 टोले. पात्याची स्वतःची वारंवारता नेमकी त्याच्याशी जुळली की अनुनाद, म्हणजे प्रत्येक टोल्यागणिक थरथर वाढत जाते. धातू थकतो आणि बहुधा मुळापाशी तडा जातो. तिथे तळवा कोण ठेवणार? थोडं काम पोलादाच्या आतलं घर्षण करतं (12 टक्के क्रोमियमचं पोलाद यात चांगलं), थोडं चक्राच्या खोबणीत घासणारं पात्याचं मूळ. वाफ बहुतेकदा थरथर शमवते, पण कधीकधी तीच चिथावते. पात्यांतून ओवलेली लेसिंग वायर सैल असेल तर घासून थरथर खाते. तीच झाळून पक्की केली तर मुख्यतः ताठपणा बदलते; भाषांतरात तिला सरसकट ‘अवमंदक’ म्हणू नका.

आता शब्द. ‘अवमंदन’ हिंदीत आहे, गुजरातीतही आहे, त्यामुळे बडोद्यात गुजराती माध्यमातून शिकलेल्या पोरांनाही तो ओळखीचा. मथळ्यात, तक्त्यात खुशाल ठेवा. वाक्यात मात्र मला ‘जिरणं’ आवडतं. पाणी जमिनीत जिरतं, तशी कंपाची ऊर्जा उष्णता होऊन धातूत जिरते. (खोडही जिरवतात, पण तो अर्थ इथे आड येत नाही.) ‘शमणं’ही चालेल, फक्त त्यात ऊर्जा गेली कुठे ते कळत नाही.

तुमचं वाक्य होतं, ‘मुळाशी होणाऱ्या घर्षणाद्वारे पात्याचे अवमंदन घडून येते.’ मी लिहीन, ‘पात्याचं मूळ खोबणीत घासतं आणि कंप तिथे जिरतो.’ यजमानांना वाचून दाखवा.