ॲव्हरेज पडलं म्हणून लगेच ड्रायव्हर बदलू नका

कोल्हापूर ते न्हावा शेवा साखर नेणाऱ्या तुमच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) चौदा टायर ट्रकचं ॲव्हरेज लिटरला ३.८ किलोमीटरवरून ३.३ वर आलंय. टाकीतून डिझेल काढता येऊ नये म्हणून जाळी बसवून झाली, आता डिझेलची पातळी दाखवणारा सेन्सर लावून ड्रायव्हर बदलायचा विचार आहे, असं तुम्ही म्हणता. जाऊन-येऊन ८०० किलोमीटर धरले तर फेरीमागे ३२ लिटरचा फरक पडतो. म्हणजे चोरी असेलही. पण आधी डिझेल इंजिनात जळलं की नाही, ते शोधा.

बीएस-६ गाडीत याचा पुरावा असतो, पण फार कमी मालक तो बघतात. धूर साफ करायला वेगळ्या टाकीतून जो युरिया, म्हणजे डीईएफ लागतो, त्याचा खप जळलेल्या डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के असतो. ॲव्हरेज चांगलं होतं तेव्हाची डिझेल आणि युरियाची बिलं काढा आणि तुमच्या गाडीचं प्रमाण ठरवा. आता डिझेल वाढलंय पण युरिया जिथल्या तिथे आहे, तर ते डिझेल इंजिनात जळलेलंच नाही. दोन्ही वाढलंय तर टर्बो, एअर फिल्टर, टायरची हवा, जॅम ब्रेक आणि ओव्हरलोड बघा. बंदराबाहेर रांगेत एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तरी तासाला दोन-तीन लिटर जातं. एक-दोन फेऱ्यांवर निकाल देऊ नका, महिन्याचा हिशोब धरा. कुणी युरियाची यंत्रणा बंद (बायपास) करून दिली असेल तर हा ताळा लागणारच नाही. तसंही ते बेकायदेशीर आहे.

चोरीच निघाली, तर जाळी असताना माझा पहिला संशय पंपावर. २०० लिटरचं बिल, टाकीत १७०, उरलेले पैसे पोऱ्या आणि ड्रायव्हर वाटून घेतात. एक्स्ट्रापॉवर, स्मार्टफ्लीट, ड्राइव्हट्रॅक प्लस ही तेल कंपन्यांची डिझेल भरायची कार्डं चांगली, कारण रोख हातात जात नाही आणि मेसेज तुम्हाला येतो. पण कार्ड २०० चं घासून १७० भरलं, तर कार्डाला काय कळणार? म्हणून रूटवर दोनच पंप ठरवा आणि दर वेळी टाकी फुल करा. फुल ते फुल हाच हिशोब खरा. मापावरच शंका आली तर पाच लिटरच्या मापाने तपासून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे.

दुसरी जागा रिटर्न लाइन. न जळलेलं डिझेल इंजिनाकडून टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपला टी-जॉइंट जोडून डिझेल कॅनमध्ये घेतात. इंजिन चालू असतं, पातळी हळूहळू उतरते, त्यामुळे सेन्सरला ते नेहमीच्या खपासारखंच दिसतं. सर्व्हिसिंगला त्या पाइपचे क्लॅम्प नवे दिसतात का, ते स्वतः बघा.

सेन्सर घ्यायचाच तर फ्लोटचा (तरंगत्या गोळ्याचा) नको, कपॅसिटिव्ह रॉडचा, म्हणजे टाकीत उभ्या सळईने विजेवर पातळी मोजणारा घ्या. टाकी रिकामी करून वीस-वीस लिटर ओतत कॅलिब्रेशन करून घ्या आणि तेव्हा समोर उभे राहा. तो पंपावर कमी भरलेलं आणि एकदम काढलेलं छान पकडतो. मात्र उतारावर गाडी उभी असली की आकडा हलतो. ४०० लिटर डिझेल पंधरा अंशांनी थंड झालं तरी पाचेक लिटर कमी भरतं. असल्या आकड्यावर रात्री दोनला ड्रायव्हरला फोन करून शिव्या घालणारे मालक मी पाहिलेत. चांगला माणूस असाच सोडून जातो.

काही जण उक्तं डिझेल द्यायला सांगतील, म्हणजे फेरीला ठरलेलं द्यायचं आणि वाचलं ते ड्रायव्हरचं. माझा विरोध आहे. मग खंबाटकीच्या आणि नवीन कात्रज बोगद्यानंतर नवले पुलाकडच्या उतारावर गाडी न्यूट्रलवर सुटते. त्या उतारावरचे अपघात तुम्हाला ठाऊक आहेतच. शिवाय आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं जळतं. हे ड्रायव्हरला समजावून सांगा. बक्षीस द्यायचं तर महिन्याच्या ॲव्हरेजवर द्या आणि जीपीएसवर उतारावरचा वेग बघून द्या.

आणि फेरीचा ॲडव्हान्स एकदा त्याच्यासोबत बसून मांडा. टोल फास्टॅगने जातो, पण हमाली, पार्किंग, पंक्चर, बंदरावर दोन दिवस अडकल्यावरचं जेवण हे कोण देतं? ते तुम्ही देत नसाल तर तो टाकीतूनच काढणार, आणि ड्रायव्हर बदलला तरी नवाही तेच करेल. मुक्कामाचा भत्ता वेगळा लावा, मग पुढच्या महिन्याचं डिझेल आणि युरिया पुन्हा ताडून बघा.